लक्ष देऊन ऐकते

आमच्या शाळेत मला सगळे शॉर्टकटबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शिक्षकखोलीच्या भिंती काही एवढ्या जाड नाहीत. मला कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. दहा-बारा वर्षं मीसुद्धा इतरांसारखी वह्यांच्या गठ्ठ्यांखाली चेंगरून निघत होते, आणि मग एक दिवस म्हटलं, बास झालं. कॉम्प्युटर समोर ठेवलाय तो काय धूळ खायला?

वेळ वाया गेलेला मला बघवत नाही. स्वभावच आहे. कुणी एकेक ओळ पुसत बसलं की माझे हात शिवशिवायला लागतात. आमच्या गणिताच्या बाई प्रत्येक वेळी माऊस वर नेणार, यादी उघडणार, चष्मा नाकावर सरकवून 'कॉपी' शोधणार आणि मग त्यावर टिचकी मारणार. मी त्यांना कंट्रोल आणि सी, कंट्रोल आणि व्ही दाखवलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांचं कर्ज फेडलंय. चित्रकलेच्या सरांना फोनशी बोलून नोटीस लिहायला मीच शिकवलं. चुकून बंद झालेलं पान परत कसं आणायचं, शंभर फोटोंची नावं एका दमात कशी बदलायची, दीड तासाच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग दुप्पट वेगानं कसं ऐकायचं, सगळं माझ्याकडून. घरी आमचे हे म्हणायचे, "तू एवढा वेळ वाचवतेस तो ठेवतेस कुठे? एकदा दाखव तरी!" मी म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं.

पण माझा खरा बोलबाला झाला तो शेऱ्यांमुळे. दर तिमाहीला मुलांची प्रगतिपुस्तकं निघतात. गुणांच्या खाली दोन ओळींची जागा असते, 'वर्गशिक्षकांचा शेरा'. वर्गात बेचाळीस मुलं. प्रत्येकाबद्दल दोन ओळी म्हणजे चौऱ्याऐंशी ओळी, आणि त्याही अशा की आईबाप दुखावता कामा नयेत आणि खोटंही वाटता कामा नये. पूर्वी तीन-तीन दिवस माझी मान मोडायची. मग मला कॉम्प्युटरमधली एक सोय सापडली. दोन अक्षरांची खूण आधी ठरवून ठेवायची. ती टाइप केली आणि एक मोकळी जागा सोडली की ठरवलेलं अख्खं वाक्य आपोआप उमटतं. मी अकरा खुणा केल्या. हुशार पण आळशी मुलाला एक, मारकुट्याला एक, बडबड्याला एक, रडक्याला एक. मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. 'करतो'च्या जागी 'करते' पडायला नको, मी काय वेडी आहे? शांत मुलींची खूण होती 'श१'. ती मारली की उमटायचं: 'शांत व समंजस. वर्गात शिक्षकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकते. लेखनाचा सराव वाढवावा.' शांत मुलींना हे फिट्ट बसतं. शांत बसलेली पोर दुसरं करणार काय? ऐकतच असणार!

बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं. अकरा साच्यांत सगळी बसली, आणि एकही आईबाप तक्रार घेऊन आला नाही. कारण दोन प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचतं कोण? मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, एवढ्या खूश झाल्या की त्यांनी आसपासच्या सात शाळांच्या शिक्षकांना शनिवारी बोलावून घेतलं. विषय: वेळ वाचवण्याच्या सोप्या युक्त्या. शिकवणार कोण? अस्मादिक. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार लोक लागत नाहीत, मी स्वतःच फांदी धरून उभी असते.

त्या आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. मधल्या सुट्टीत मी शनिवारची तयारी करत बसले होते. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात कपडे मोजायची टेप तशीच लोंबत होती, बाहीवर दोऱ्याचे तुकडे.

"बाई, येऊ का? मी छकूची आई."

छकू कोण, मला कळेना. मी आपली हसले. हसण्यावर वेळ निभावून न्यायची सवय आहे आम्हाला. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "घरी छकू म्हणतो. तिसरी ब, एकोणतीस नंबर."

एकोणतीस म्हटल्यावर मला आधी आठवलं ते 'श१'. मग चौथा बाक, भिंतीकडची जागा. चेहरा सगळ्यात शेवटी आठवला, तोही धड नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण क्रम हाच होता.

त्या पलीकडच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतात. चेन बदलून देणं, पँट आखूड करणं, असली कामं. दुकानाला कुलूप लावून आल्या होत्या, बसायलाही तयार नव्हत्या. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला.

"कानाच्या डॉक्टरांनी दिलाय. म्हणाले, वर्गशिक्षकांकडून भरून आणा. छकूला ऐकू कमी येतंय म्हणतात."

"कमी म्हणजे?"

"मशीनवर बसवून तपासलं. बरंच कमी, दोन्ही कानांत." त्यांनी कागदाची घडी उलगडली. "ते विचारत होते, कधीपासून? मी काय सांगणार? घरी हाका मारून मारून माझा घसा बसतो, त्याला झालं वर्ष. पण शाळेत तर नीट ऐकत होती ना. हे बघा."

आणि त्यांनी पिशवीतून तीन प्रगतिपुस्तकं काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. तिन्हींवर एकच वाक्य, माझं. 'लक्ष देऊन ऐकते'च्या खाली पेन्सिलनं रेघ ओढलेली होती, पट्टी लावून, सरळ.

"मी गेल्या वर्षीच दवाखान्यात नेणार होते हो. निघालेही होते. तेवढ्यात पहिलं प्रगतिपुस्तक आलं. म्हटलं, शाळेत एवढी लक्ष देऊन ऐकते, मग कानाला काय झालंय? घरीच नाटकं करते पोरगी. तुम्ही लिहिलंत म्हणून तरी माझी काळजी मिटली होती."

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, भांडायला मी कधीच मागे सरत नाही. त्या खरंच आभार मानत होत्या, आणि मी त्या तीन पुस्तकांकडे बघत होते. दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचत नाही म्हणे! इथे तर तीन होती.

"ठेवून जा कागद," मी म्हटलं. "उद्या भरून देते."

"शनिवारी बारा वाजता डॉक्टरांनी बोलावलंय. त्याच्या आधी मिळाला म्हणजे झालं. तुम्ही रोज पाच-पाच तास तिच्यासमोर असता, तुमच्याइतकं कोण सांगणार?" असं म्हणून त्या गेल्या.

कागदावर चार प्रश्न होते. मागून हाक मारल्यास वळून बघते का? बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघते का? सूचना पुन्हा सांगाव्या लागतात का? आणि चौथा: हे आपल्या लक्षात साधारण केव्हापासून आले? एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. परीक्षेत मुलं कोऱ्या पेपरकडे कशी बघतात, ते मला त्या दिवशी कळलं.

सुट्टी संपल्यावर वर्गात गेले. मुलांना उतारा लिहायला दिला आणि फिरत फिरत सगळ्यात मागे भिंतीशी जाऊन उभी राहिले. तिथून मी तिला नावानं हाक मारली. नाव आधी हजेरीपटात बघून घेतलं होतं, तेही सांगून टाकते. तिचं सोडून वर्गातलं प्रत्येक डोकं मागे वळलं. ती लिहीत राहिली. मग सगळे मागे बघतायत हे तिला दिसलं, म्हणून तीही वळली, आणि सगळे हसतायत म्हणून हसली. किती सफाईनं केलं तिनं ते! आठ वर्षांच्या पोरीला एवढी सफाई रोज केल्याशिवाय येत नाही.

उरलेला तास मी फक्त तिच्याकडे बघितलं. मी समोर तोंड करून बोलले की तिची नजर माझ्या ओठांवर. मी फळ्याकडे वळले की तिची नजर शेजारणीच्या वहीवर. पान उलटायचं ते शेजारीण उलटेल तेव्हा. माझ्या वाक्यातलं 'लक्ष देऊन' एवढं मात्र खरं होतं. तिच्याइतकं लक्ष त्या वर्गात कुणीच देत नव्हतं.

वर्ग सुटल्यावर मी बडबडीला थांबवलं. बडबडी म्हणजे वर्गातली टकळी, तोंडाला कुलूप म्हणून नाही. पहिल्या तिमाहीत ती एकोणतीस नंबरच्या शेजारी बसायची. फार बोलते म्हणून मीच तिला उचलून पहिल्या बाकावर आणलं होतं.

"बाई, मी काही नाही केलं!" ही तिची सुरुवात.

"माहितीये गं. मला एक सांग, तुझ्या मैत्रिणीला ऐकू येत नाही, हे तुला कधीपासून माहिती आहे?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली, जणू मी तिला फळ्याचा रंग विचारला होता. "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता ना बाई, तेव्हा तिला काहीच नाही कळत. म्हणून मी तिला सांगायचे. पान नंबर बोटांनी दाखवायचे. मग तुम्ही मला उठवलंत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचं बघ."

मला आठवलं नाही. पण मीच म्हणाले असणार, माझंच वाक्य आहे ते, दिवसातून दहा वेळा म्हणते. बडबडीच्या प्रगतिपुस्तकावर 'ब१' होतं: 'वर्गात अनावश्यक बोलते. एकाग्रता वाढवावी.' मी तिला जायला सांगितलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. आपण स्वतःला फार शहाणे समजतो आणि मग एक चिमुरडी येऊन दोन वाक्यांत आपली वरपासून खालपर्यंत चिरफाड करते. वर 'जाऊ का बाई?' असं विचारूनही जाते.

आता कागद भरायचा होता. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी खरी लिहिली. चौथ्यापाशी हात थांबला. 'पहिल्यापासून' लिहावं, तर आई विचारणार, मग तीन वेळा ते काय लिहिलंत? मोठ्या बाई विचारणार. शनिवारी सात शाळा येणार होत्या, माझं नाव दारावर लावून झालं होतं. मी लिहिलं: 'गेल्या दीड-दोन महिन्यांपासून.' मनाशी म्हटलं, डॉक्टरांकडे एवढी मशीनं आहेत, त्यांना काय ते कळेलच. माझ्या एका ओळीनं काय होतंय?

गुरुवारी सकाळी त्या आल्या. तिथेच दारात उभ्या राहून त्यांनी कागद वाचला, आणि चौथ्या उत्तराशी आल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं त्या आता रडणार.

"दीड-दोन महिनेच ना? म्हणजे नवीनच आहे! देवासारख्या भेटलात हो बाई."

"का, काय झालं?"

"डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. नवीन असेल तर तीन महिने थांबून बघू, बरेचदा आपोआप ओसरतं. पण जुनं असेल तर थांबायचं नाही, लगेच ऑपरेशन. नाहीतर पडदा कायमचा खराब होतो. घरच्यावरून त्यांना नक्की कळेना, म्हणून शाळेचं विचारलं. मला तर ऑपरेशनच्या नावानं झोप नव्हती. आता सांगते त्यांना, बाईंनी लिहून दिलंय, नवीन आहे म्हणून."

तो कागद मी तिथल्या तिथे परत मागायला हवा होता. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, 'द्या इकडे, चुकलंय.' तीन शब्द. नाही म्हटले. घंटा झाली, त्या नमस्कार करून गेल्या, आणि मी वर्गात जाऊन हजेरी घेतली. एकोणतीसला ती 'हजर' म्हणाली. अठ्ठावीस नंबरचा मुलगा बोलून खाली बसला की आपण उठायचं, असं तिचं गणित होतं. तेही मला त्याच दिवशी दिसलं. एकदा दिसायला लागलं की काय काय दिसतं!

शुक्रवार कसा गेला ते मला विचारू नका. चोराच्या मनात चांदणं. कुणी हाक मारली तरी दचकत होते. घरी हे म्हणाले, "आज एकही युक्ती नाही शिकवलीस कुणाला? बरं वाटत नाही का?" मी त्यांच्यावर अशी काही खेकसले की बिचारे वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. त्यांना सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? की एका मुलीचे कान जाऊ शकतात आणि मी माझी अब्रू झाकत बसलेय? असलं वाक्य नवऱ्यासमोरसुद्धा तोंडातून निघत नाही.

शनिवारी सकाळी दहाला सभागृह भरलं. साठ-सत्तर शिक्षक, वह्या, पेनं, मागे उभे राहिलेले वेगळेच. मोठ्या बाईंनी माझी एवढी स्तुती केली की एरवी मी महिनाभर तरंगले असते. मी सुरुवात केली. कॉपी-पेस्टवर माना डोलल्या, बोलून लिहिण्यावर टाळ्या पडल्या. तोंड आपोआप चालत होतं, हातही. मग पडद्यावर प्रगतिपुस्तकाचं कोरं पान उघडलं आणि म्हटलं, "आता बघा गंमत." 'श१' टाइप करून जागा सोडली.

भिंतभर अक्षरांत ते उमटलं. 'शांत व समंजस. वर्गात शिक्षकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकते.'

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला, मग टाळ्या. पुढच्या रांगेतले एक सर म्हणाले, "हे तर निम्म्या वर्गाला चालेल की!" शेजारच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, जरा तसंच राहू द्या हं, उतरवून घेते." आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. साठ-सत्तर जण मन लावून ते वाक्य आपापल्या वहीत उतरवत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वा अकरा झाले होते.

"उतरवू नका," मी म्हटलं.

कुणी मान वर केली नाही. पुन्हा म्हटलं, जोरात. तेव्हा बघितलं सगळ्यांनी.

"हे वाक्य मी ज्या मुलीबद्दल लिहिलं, तिला ऐकू येत नाही. मी एकदाही बघितलं नाही. या वाक्यामुळे तिच्या आईनं इतके महिने तिला दवाखान्यात नेलं नाही. आणि परवा मी आणखी एक खोटं लिहून दिलंय."

मोठ्या बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांना वाटलं असावं, मला चक्कर येतेय. मी चप्पल सरकवली, पर्स उचलली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर पडले. सत्तर माणसं आपल्याकडे बघतायत, अशा वाटेनं चालायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण खरं सांगू? पुढच्या भेटीपुढे ती वाट काहीच नव्हती.

त्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत, जेमतेम एक मशीन आणि एक स्टूल मावेल एवढं. त्या निघायच्या तयारीतच होत्या. शिलाई मशीनवर कापड टाकून झालं होतं, हातात कुलूप होतं. एकोणतीस नंबर पायरीवर बसून चिंध्यांमधून एका रंगाच्या निवडत होती. नवा फ्रॉक घातला होता. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"बाई! तुम्ही इकडे कुठे?"

"तो कागद द्या. मी खोटं लिहिलंय."

त्यांना कळलं नाही. मग मी तिथेच रस्त्यात उभी राहून सगळं सांगितलं. दोन अक्षरांची खूण, आपोआप उमटणारं वाक्य, अकरा साचे. बडबडीनं काय सांगितलं ते. दीड-दोन महिने का लिहिलं ते. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर सारवासारव सुरू केली असती, आणि त्यात मी पटाईत आहे.

त्यांनी पिशवीतून कागद काढला, पण दिला नाही.

"म्हणजे ते तुम्ही तिच्याकडे बघून लिहिलंच नव्हतं?"

"नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मी दर वेळी वाचायचे हो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणायचे, एवढ्या पोरांमध्ये बाईंचं माझ्या पोरीकडे लक्ष आहे."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी फक्त म्हणत आले होते आजवर. त्यांनीच पुढे सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"मारलं मी तिला. पुस्तक हातात धरून मारलं. शाळेत बाईंचं ऐकू येतं आणि आईचं तेवढं येत नाही होय, म्हणून. एकदाच नाही मारलं, बाई."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. मशीनच्या फळीवर ठेवून चौथं उत्तर खोडलं आणि खाली लिहिलं: 'किमान या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीपासून. याआधीचे माझे तिन्ही शेरे मुलीला न पाहता लिहिलेले आहेत, ते ग्राह्य धरू नयेत.' सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की माझ्या वर्गातल्या मुलाचं असतं तर मी परत लिहायला लावलं असतं. कागद परत देऊन मी म्हटलं, "मी येते बरोबर डॉक्टरांकडे. मी स्वतः सांगते त्यांना."

"त्यांना मी सांगेन," त्या म्हणाल्या. "वाचता येतं त्यांना. तुम्ही हिला सांगा."

"हिला?"

"मग? मार हिनं खाल्लाय. हिला कुणी सांगायचं?"

बरोबर होतं. मी पायरीपाशी उकिडवी बसले. पोरगी मघापासून आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. आम्ही अर्धवट वळून बोलत होतो, तिला काय नि किती कळलं असेल देव जाणे. मी तिच्या समोर तोंड नेलं आणि सावकाश बोलले. बेचाळीस मुलांच्या वर्गात मी कधी कुणाशी इतकं सावकाश बोलले नव्हते.

"तुला कमी ऐकू येतं. कान आजारी आहेत म्हणून. तू नाटक करत नव्हतीस. मला ते कळायला हवं होतं, कळलं नाही. चूक माझी आहे. तुझी नाही, आईचीही नाही."

तिनं माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. वाक्य संपल्यावर थोडा विचार केला.

"सगळ्यांना जास्त ऐकू येतं?"

"हो."

"तुम्ही फळ्याकडे तोंड केलं तरी?"

"तरी येतं."

"मागच्या बाकावरच्यांना पण?"

"त्यांनाही येतं."

हे तिला अगदीच नवीन होतं. ती चिंध्यांकडे बघत राहिली, मग पुन्हा माझ्याकडे.

"मला वाटलं, सगळ्यांना एवढंच येतं, आणि बाकीच्यांना त्यातूनच कळतं," ती म्हणाली. "म्हणजे मी ढ नाही?"

"नाही गं," मी म्हटलं. "तू ढ नाहीस."

माझ्याशी तिचं तेवढंच काम होतं. ती पायरीवरून उठली आणि आईची ओढणी ओढायला लागली. आई तेव्हा आमच्याकडे पाठ करून शटरला कुलूप लावत होती. म्हणजे लावायचा प्रयत्न करत होती, किल्ली काही भोकात जात नव्हती.

"आई, बाई म्हणतात मी ढ नाहीये."

आई वळली नाही. वळणार कशी, खांदे हलत होते. पोरीला वाटलं, आईला ऐकू गेलं नाही. म्हणून ती आईच्या समोर जाऊन उभी राहिली, मान वर करून, आणि तेच वाक्य पुन्हा सावकाश, मोठ्यानं म्हणाली.